होलोकॉस्टचा अभ्यास करायचाय? आधी यिडिश शिका

होलोकॉस्टवर, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारावर, संशोधन करायचंय, सुरुवात कुठून करू, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगते: आधी यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा, शिका. मारल्या गेलेल्या साठ लाख ज्यूंचा आकडा सगळ्यांनाच ठाऊक असतो. पण ती माणसं कोणती वर्तमानपत्रं वाचत, मुलांना कुठल्या शाळेत घालत, कुठल्या पक्षासाठी भांडत, हे कळल्याशिवाय काय नष्ट झालं ते समजत नाही.

यिडिशची लिपी हिब्रू, उजवीकडून डावीकडे. छापील अक्षरं लवकर बसतात, हस्ताक्षर मात्र छळतं. जर्मन येत असेल तर बरंच सोपं जातं. पण हिब्रूतून आलेल्या शब्दांचं लेखन हिब्रूसारखंच राहतं, ते सरळ पाठ करावं लागतं. अमेरिकेतल्या यिडिश बुक सेंटरने हजारो पुस्तकं स्कॅन करून मोफत ठेवलीत, त्यामुळे पुण्यात बसूनही वाचन सुरू करता येतं. वॉर्सावर काम करायचं तर पोलिशही लागणारच.

मग 'ओयनेग शाबेस' हे वॉर्सा घेटोतलं, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतलं, कागदपत्रांचं गुप्त दफ्तर हातात घ्या. इतिहासकार इमॅन्युएल रिंगेलब्लुम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते १९४० पासून जमवलं. त्यात शाळकरी मुलांचे निबंध आहेत, रेशनकार्डं, ट्रामची तिकिटं, नाटकांची पोस्टरं, चॉकलेटचे कागदसुद्धा. तस्करी, बायकांचं जगणं, ज्यू पोलिसांचा भ्रष्टाचार अशा विषयांवर ही मंडळी आराखडे आखून माहिती गोळा करत होती. भुकेने खंगत असतानाही आपल्या लोकांचं वाईट झाकायचं नाही, हा त्यांचा आग्रह होता. त्यांना नुसतं साक्षीदार म्हणून वाचणं मला अन्यायाचं वाटतं. ते आपल्या क्षेत्रातले ज्येष्ठ संशोधक आहेत.

ऑगस्ट १९४२ मध्ये पत्र्याच्या दहा पेट्या एका शाळेच्या तळघरात पुरल्या गेल्या, फेब्रुवारी १९४३ मध्ये दुधाचे दोन मोठे कॅन. पेट्या १९४६ मध्ये सापडल्या, कॅन १९५० मध्ये. पेट्यांत पाणी शिरलं होतं, कॅनमधले कागद बरेच टिकले. मूळ कागद आज वॉर्साच्या ज्यू इतिहास संस्थेत आहेत. गटातल्या वाचलेल्या मोजक्यांपैकी राखेल आउएरबाख हिने घेटोत सूपचं स्वयंपाकघर चालवलं, युद्धानंतर हे दफ्तर खणून काढायचा पाठपुरावा केला, आणि पुढे याद वाशेम या इस्रायलमधल्या होलोकॉस्ट स्मारक-संस्थेत साक्षी नोंदवण्याचा विभाग उभारला. 'होलोकॉस्टची स्मृती' यावरचे सिद्धान्त वाचण्याआधी तिचं काम वाचा.

वाचलेल्यांच्या चित्रित मुलाखती पाहताना थेट छावणीच्या भागावर उडी मारू नका. युद्धापूर्वीचं घर, गल्ली, सण यांबद्दलचं बोलणं मन लावून ऐका. दिवसाला एकच मुलाखत पुरे. जास्त झेपत नाही. संग्रहाच्या सूचीत शोधताना गावाची सगळी नावं टाका: विल्ना, विल्नो, व्हिल्नियस. नाहीतर निम्मे कागद दिसतच नाहीत.

मराठी माणसाची इथे एक जमेची बाजू आहे. ज्यू संस्कृती एकसाची नसते, हे आपल्याला बेने इस्रायलींमुळे, म्हणजे आपल्याकडच्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंमुळे, आधीच माहीत असतं. त्यांनी बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनं रचली. संशोधनासाठी विद्यापीठाच्या प्रवेशअर्जात हे जरूर लिहा, मात्र आपला प्रश्न एखाद्या ठरावीक कागदसंग्रहावर बेतलेला ठेवा.