गोळी सुरू केल्यावरचे पहिले आठवडे

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब असतो. गेल्या वर्षीच्या जून-जुलैच्या चौकटींत मात्र ‘दूध १ लि.’च्या खाली बारीक अक्षरात आणखी काही लिहिलंय : ‘झोप ३ तास. भाकरी अर्धी. मळमळ.’ डिप्रेशनची गोळी सुरू केली तेव्हाच्या या नोंदी. मी मिरजेत घरीच ब्लाउज शिवते. माप घ्यायला आलेल्या बायकांपैकी एखादी दार लोटून हळूच विचारते, “ताई, ही गोळी लागू पडायला किती दिवस लागतात हो?” तिला जे सांगते तेच इथे लिहितेय.

डोकेदुखीच्या गोळीचा हिशेब इथे लावू नका. मला डॉक्टरांनी एस्सिटालोप्रॅम दिली होती, पहिला आठवडा ५ मिलिग्रॅम, मग १०. गोळी पोटात गेल्यावर काही तासांतच मेंदूतल्या सेरोटोनिन नावाच्या रसायनावर तिचं काम सुरू होतं, पण मेंदू त्या बदलाला सरावायला वेळ घेतो. थोडा फरक साधारण २ ते ४ आठवड्यांत कळू लागतो, पुरता गुण यायला ६ ते ८ आठवडे जातात. त्रास मात्र पहिल्या दोन-चार दिवसांतच सुरू होऊ शकतो. बहुतेक जणी गोळी सोडतात त्या याच काळात, आणि त्याचंच मला फार वाईट वाटतं.

माझा पहिला आठवडा असा गेला : मोहरी तडतडली की पोटात ढवळायचं, तोंड कोरडं पडायचं, सुईत दोरा ओवताना बोटं थरथरायची. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी गोळी सकाळी, नाश्ता झाल्यावर घ्यायला सांगितली. दहा-बारा दिवसांत मळमळ गेली. असा त्रास बहुतेकांचा दोन आठवड्यांत ओसरतो. नाहीच ओसरला तर सहन करत बसू नका, डॉक्टरांना सांगा.

आता नोंदीबद्दल. रोज रात्री तीनच गोष्टी लिहा : झोप किती, जेवण किती, दिवसभरात काय काम उरकलं. ‘मन कसं आहे’ हे सुरुवातीला लिहू नका. मन सर्वांत शेवटी वर येतं आणि रोज तेच ते ‘वाईट’ लिहून धीर सुटतो. माझी झोप आधी सुधारली, मग भूक. एकोणिसाव्या दिवशी मुलगी म्हणाली, “आई, आज तू पहिल्या हाकेला ओ दिलीस.” मला स्वतःला काहीच कळलं नव्हतं. म्हणून घरातल्या एका माणसाला आधीच सांगून ठेवा, माझ्यात फरक दिसला तर मला सांग. चौथ्या आठवड्यात मी अस्तरांचं गाठोडं सोडलं. मोरपंखी कापडाखाली दोन हिरवी अस्तरं धरून बघितली आणि त्यातलं एक नको वाटलं. कित्येक महिन्यांत मला काही हवं किंवा नको असं वाटलंच नव्हतं. मशीनवर डोकं टेकून रडले मी तेव्हा.

एक गोष्ट घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून बघायची. अंगात थोडी शक्ती येते, पण मनातली निराशा अजून तशीच असते, असे काही दिवस मध्ये येऊ शकतात. पेशंट पंचविशीच्या आतला असेल तर गोळी सुरू करताना आणि डोस बदलताना जास्तच लक्ष हवं. मरणाचे विचार वाढले, जीव सैरभैर झाला, किंवा उलट झोप नसतानाही माणूस भलताच उत्साहात येऊन भरमसाट बोलू-खर्चू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. रात्री-अपरात्री कुणी भेटत नसेल तर टेलिमानस या मनाच्या आजारांसाठीच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास सुरू असतो, पैसे लागत नाहीत. जिवाला धोका वाटत असेल तर माणसाला एकटं सोडू नका, सरळ दवाखान्यात न्या.

चार आठवडे नेमाने घेऊनही काडीचा फरक नसेल तर कॅलेंडरचं पान फाडून डॉक्टरांकडे न्या. ते डोस वाढवतील किंवा गोळी बदलतील. पहिलीच गोळी लागू पडते असं नाही, यात तुमचा काही दोष नाही. इतर कुठली औषधं चालू आहेत तेही सांगा, अगदी गुडघ्यासाठी घेता ती दुखण्यावरची गोळीसुद्धा. दारू टाळा. एखाद्या दिवशी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने थांबू नका. गणपतीत गावी गेले तेव्हा माझं गोळ्यांचं पाकीट मिरजेलाच राहिलं. तिसऱ्या दिवशी मान वळवली की डोक्यात वीज सळकल्यासारखं व्हायचं, पायरी उतरताना भोवळ यायची. बरं वाटू लागल्यावरही निदान सहा महिने गोळी चालू ठेवतात, मग हळूहळू उतरवतात. माझी या एप्रिलमध्ये १० वरून ५ वर आली, आणि त्या दिवसापासून दुधाच्या हिशेबाखाली पुन्हा झोप आणि भाकऱ्या लिहायला घेतल्यात.