कर्नाटकात एलएलची परीक्षा: अर्ज, स्लॉट आणि अभ्यास

शिकाऊ परवान्याची, म्हणजे सगळे ज्याला एलएल म्हणतात त्याची, परीक्षा अवघड नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मराठी शाळेत शिकलेली पोरं अडकतात ती नियमांपेक्षा भाषेपाशी. अर्ज कर्नाटकातला, तेव्हा प्रश्न कन्नड किंवा इंग्रजीत येणार असंच धरून चाला. मराठीचा पर्याय दिसलाच तर घ्या, पण त्या भरवशावर राहू नका. कन्नड बाजारात फाडफाड बोलता येत असेल पण लिपी अडखळत वाचत असाल, तर सरळ इंग्रजी घ्या. प्रत्येक प्रश्नाला मोजके सेकंद असतात, त्यात जोडाक्षरं लावत बसायला वेळ नसतो.

कन्नड घेणाऱ्यांनी वाक्याचा शेवट आधी बघायची सवय लावावी. 'बेकु' म्हणजे केलंच पाहिजे, 'बारदु' किंवा 'कूडदु' म्हणजे करू नये. बाकी सगळं वाक्य कळूनही हा शेवट निसटला की उत्तर उलटं जातं. 'एड' डावीकडे, 'बल' उजवीकडे, 'एच्चरिके' सावधानतेची सूचना, 'कड्डाय' सक्तीचं, 'तिरुवु' वळण, 'सेतुवे' पूल, 'निलुगडे' थांबा किंवा पार्किंग, 'हिंदिक्कुवुदु' ओव्हरटेक करणं. वाहन, चालक, वेग, पादचारी, निषेध हे शब्द आपलेच आहेत.

अर्ज परिवहन खात्याच्या 'सारथी' साइटवर होतो. राज्य कर्नाटक निवडायचं आणि नवीन शिकाऊ परवान्याचा अर्ज उघडायचा. बेळगाव आणि खानापूरवाल्यांचं कार्यालय केए-२२, चिक्कोडी-निपाणीकडचं केए-२३, बैलहोंगलचं केए-२४, गोकाकचं केए-४९. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या कुठल्याही परवाना कार्यालयात अर्ज करता येतो, तरी जवळचंच घ्या. पक्क्या परवान्याच्या वेळी गाडी घेऊन जायचं असतं. चंदगड किंवा गडहिंग्लजचा पत्ता असलेल्यांनी राज्य महाराष्ट्र निवडावं. परीक्षा मराठीत मिळावी म्हणून पाहुण्यांचा पत्ता लावायच्या भानगडीत मात्र पडू नका. एलएल कुठल्याही राज्याचा असो, तो देशभर चालतो.

आधार ई-केवायसीने, म्हणजे आधारवरूनच ऑनलाइन ओळख पटवून, अर्ज केला की नाव, पत्ता, फोटो तिथूनच येतो. त्यासाठी मोबाइल नंबर आधारला जोडलेला हवा; नसेल तर ते काम पोस्टात किंवा आधार केंद्रात आधी उरका. आपल्याकडे खरी गोची होते नावाची. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, मार्क्स कार्डावर आडनाव शेवटी, आधारवर आधी, वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. कन्नडातून इंग्रजीत गेलेलं आडनाव तर ओळखूच येत नाही. परवान्यावर जे नाव छापून येईल तेच पुढे वर्षानुवर्षं चालणार, म्हणून आधार दुरुस्त करूनच अर्ज भरा.

वाहनाचा प्रकार निवडताना घाई नको. 'विनागिअर मोटारसायकल' निवडलीत तर पुढे स्कूटी चालेल, बाइक नाही. गिअरची दुचाकी आणि हलकं मोटार वाहन असे दोन्ही प्रकार एकाच अर्जात घेणं शहाणपणाचं. दोन्हीला १८ वर्षं पूर्ण हवीत. ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीला १६ आणि पालकांची संमती. तब्येतीबद्दलचा फॉर्म १ स्वतःच भरायचा, चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म १ए लागतो.

केंद्राच्या नियमानुसार फी प्रत्येक प्रकारामागे १५० रुपये, शिवाय परीक्षेचे ५०. पैसे खात्यातून गेले आणि पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. साइटवर पेमेंटची स्थिती तपासायचा पर्याय असतो, तिथे अर्ज क्रमांक टाकून बघा. अर्ज क्रमांक आणि जन्मतारीख याच दोन गोष्टींवर पुढचं सगळं उघडतं, तेव्हा क्रमांक कागदावर लिहून ठेवा. सायबर कॅफेतून अर्ज करत असाल तर मोबाइल नंबर स्वतःचाच द्या. ओटीपी आणि परीक्षेचा पासवर्ड दुकानदाराच्या फोनवर गेला तर त्याच्या सवडीनेच काम होणार.

कार्यालयात परीक्षा द्यायची असेल तर फीनंतर स्लॉट घ्यायचा, आणि मूळ कागद व पावती घेऊन वेळेआधी पोचायचं. घरून द्यायची सोय तुमच्या अर्जाला दिसत असेल तर कॅमेरा चालू असलेला संगणक, तोंडावर उजेड आणि खोलीत एकटे तुम्ही, एवढं सांभाळा. त्याआधी रस्ता सुरक्षेचं ट्युटोरियल पूर्ण बघावं लागतं.

अभ्यास किती? १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ११ चार विषय सांगतो: चिन्हं, सिग्नल व रस्त्याचे नियम; अपघातात चालकाची कर्तव्यं; फाटक नसलेलं रेल्वे क्रॉसिंग; आणि गाडीत बाळगायचे कागद. ६० टक्के उत्तरं बरोबर हवीत, म्हणजे १५ प्रश्न असतील तर ९.

चिन्हं आकारावरून लावा. गोल म्हणजे हुकूम, त्रिकोण म्हणजे इशारा, चौकोन म्हणजे माहिती. अपवाद दोनच लक्षात ठेवा: अष्टकोनी 'थांबा' आणि उलटा त्रिकोण 'रस्ता द्या', दोन्ही हुकूमच. लाल तबकडीवर पांढरी आडवी पट्टी म्हणजे प्रवेश बंद. निळ्या गोलावर एक लाल तिरपी रेघ म्हणजे पार्किंग बंद, फुली असेल तर थांबायलाही बंदी. रेल्वे क्रॉसिंगच्या चिन्हात फाटक काढलेलं असेल तर फाटक आहे, इंजिन असेल तर नाही. तिथे काय करायचं या प्रश्नाला 'हॉर्न वाजवून जावं' हे उत्तर हमखास चुकतं; कायद्याने गाडी थांबवून, सोबत कंडक्टर किंवा मदतनीस नसेल तर चालकाने स्वतः उतरून दोन्ही बाजू बघायच्या असतात.

घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. चोर्ला घाटात कोणी काहीही करो, उत्तर हेच. गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला प्राधान्य. अपघात झाला तर आधी जखमीला दवाखान्यात न्यायचं, जागेवर पोलीस नसतील तर २४ तासांच्या आत ठाण्यात कळवायचं. कागद म्हणजे परवाना, आरसी (गाडीची नोंदणी), विमा, पीयूसी (प्रदूषणाचा दाखला); सरकारी डिजिलॉकर अ‍ॅपमधले चालतात. दारूची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम. हाताच्या इशाऱ्यांवर प्रश्न येतात, ते जुने म्हणून सोडू नका. साइटवरची सराव परीक्षा ठरवलेल्या भाषेत द्या आणि चुकलेले प्रश्न वहीत उतरवून ठेवा.

नापास झालात तर पुन्हा ५० रुपये आणि पुन्हा परीक्षा, अर्ज तोच राहतो. पास झालात की एलएल डाउनलोड करा. पांढऱ्यावर लाल 'एल' गाडीच्या पुढे आणि मागे हवा, शेजारी परवानाधारक शिकवणारा हवा. एलएल सहा महिने चालतो. पक्क्या परवान्याची चाचणी ३० दिवसांनंतर देता येते. तो स्लॉट तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच घ्या, कारण मुदत संपली की नवा एलएल काढून हीच परीक्षा पुन्हा द्यावी लागते.