अ‍ॅलर्जी संशोधनासाठी अनुदान मागताय? या चुका टाळा

अर्ज नामंजूर होऊन आला की बहुतेकांना वाटतं, विषयातच दम नव्हता. तरुण डॉक्टरांचे आणि पीएच.डी. करणाऱ्यांचे अर्ज मी बरीच वर्षं वाचून देते. विषय सहसा चांगलाच असतो. घोळ होतो तो पद्धतीच्या पानावर, आणि तो वेळेत निस्तरता येतो.

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे चाचणी पॉझिटिव्ह आली की अ‍ॅलर्जी आहेच, असं धरून चालणं. रक्तात शेंगदाण्याविरुद्धची आयजीई (अ‍ॅलर्जीशी जोडलेलं प्रतिपिंड) सापडलेला माणूस मूठभर दाणे खाऊनही ठणठणीत असू शकतो. ते नुसतं संवेदीकरण. दाणे खाल्ल्यावर अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले, दम लागला, तर ती अ‍ॅलर्जी. 'आमच्या भागातल्या किती मुलांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे' असा प्रश्न लिहून पद्धतीत फक्त रक्तचाचणी दिली, तर परीक्षक तिथेच पेन खाली ठेवतो. खात्री करायची तर डॉक्टरांच्या नजरेखाली थोडं थोडं खाऊ घालून बघावं लागतं. त्यासाठी खाट, नर्स, हाताशी अ‍ॅड्रेनॅलिन (तीव्र अ‍ॅलर्जीवरचं तातडीचं इंजेक्शन), काही तासांची देखरेख हे सगळं लागतं. तेवढे पैसे मिळणार नसतील तर 'किती मुलांमध्ये संवेदीकरण आहे' असा प्रश्न लिहा. तोही मोलाचाच आहे.

नेमका प्रश्न कसा असतो ते बघायला लंडनचे अ‍ॅलर्जीतज्ज्ञ गिडियन लॅक यांचा लीप अभ्यास जरूर वाचा. ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी इस्रायलमधल्या मुलांच्या दसपट दिसत होती, आणि इस्रायलची बाळं लहानपणापासून दाण्याचा खाऊ खात होती. प्रश्न एका ओळीत मावणारा: लवकर दाणे दिले तर अ‍ॅलर्जी टळते का? तीव्र एक्झिमा (खाजरा त्वचारोग) किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली 4 ते 11 महिन्यांची 640 बाळं घेतली आणि पाचव्या वर्षी खाऊ घालून तपासलं. 2015 मध्ये निकाल आला. सुरुवातीला त्वचाचाचणी निगेटिव्ह असलेल्यांपैकी दाणे टाळणाऱ्यांत 13.7 टक्के मुलांना अ‍ॅलर्जी निघाली, खाणाऱ्यांत 1.9 टक्के.

माझा स्वतःचा पहिला अर्ज एका ओळीवाचून परत आला होता. त्वचाचाचणीत हाताच्या आतल्या बाजूला थेंब ठेवतात, लॅन्सेटने (बारीक सुईने) हलकेच टोचतात आणि 15 मिनिटांनी उठलेली गांध पट्टीने मोजतात. तुलनेसाठी ठेवलेल्या, अ‍ॅलर्जीचा पदार्थ नसलेल्या निगेटिव्ह थेंबापेक्षा 3 मिलिमीटर मोठी असेल तर पॉझिटिव्ह. पण रुग्णाने आदल्या दिवशी सेट्रिझिन ही अ‍ॅलर्जीची गोळी घेतली असेल तर एरवी हमखास गांध उठवणाऱ्या हिस्टामिनच्या थेंबावरसुद्धा ती उठत नाही. गोळ्या किती दिवस आधी बंद करणार, हे मी लिहिलंच नव्हतं. सहसा आठवडाभर आधी थांबवतात. पुढच्या वर्षी ती ओळ घातली.

चाचणीही आजाराला साजेशी हवी. गाजर गवताने शेतकऱ्यांच्या चेहऱ्यावर, मानेवर उठणारा त्रास उशिरा उमटतो. त्याला पाठीवर पॅच लावून 48 तासांनी बघावं लागतं.

उलटे आलेले प्राथमिक निकाल लपवू नका. शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए हे फ्रेंच शास्त्रज्ञ समुद्रफुलाचं (सी अ‍ॅनिमोनी या सागरी प्राण्याचं) विष थोडं थोडं देऊन कुत्र्यांना कणखर करू पाहत होते. काही आठवड्यांनी दिलेल्या दुसऱ्या छोट्या डोसने कुत्री दगावली. त्यांनी तेच मांडलं, त्या जीवघेण्या प्रतिक्रियेला अ‍ॅनाफिलॅक्सिस नाव दिलं, आणि 1913 चं नोबेल रिशेंना त्याच कामासाठी मिळालं.

पुरस्कारासाठी अर्ज करताना अनुदानाच्या अर्जाचाच मजकूर चिकटवू नका. पुरस्कार झालेलं काम बघतो, अनुदान पुढचं. वयाची अट आणि संस्थेचं सभासदत्व आधीच तपासा.

परदेशी पैसा किंवा परदेशी भागीदार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. रुग्णांचे नमुने बाहेर पाठवणार असाल तर ते अर्जातच स्पष्ट लिहा, आणि ही कागदपत्रं संस्थेच्या नैतिकता समितीच्या कामाबरोबरच हातात घ्या.