एडिसनमध्ये घर घेण्याआधी शाळेचा अहवाल कसा वाचावा

मार्च-एप्रिल आला की मला फोन सुरू होतात. कुणी पुण्याहून, कुणी नाशिकहून, कुणी टेक्सासहून इकडे बदलून येणारं. "काकू, मुलगा नववीत जाईल. जेपीच्या हद्दीत अपार्टमेंट मिळेल का?" जेपी म्हणजे जॉन पी. स्टीव्हन्स हायस्कूल. न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनमध्ये दुसरं सरकारी हायस्कूलही आहे, एडिसन हायस्कूल, पण त्याची चौकशी क्वचितच होते. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "त्याचं रेटिंग कमी आहे ना."

आधी व्यवहाराचं सांगते. इथे नववी ते बारावी म्हणजे हायस्कूल, आणि प्रवेश मिळतो तो पत्त्यावर, टक्क्यांवर नाही. कुठला पत्ता कुठल्या शाळेत जातो हे शालेय जिल्ह्याच्या, म्हणजे गावातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या, कार्यालयात विचारा, दलालाच्या तोंडी शब्दावर भाडेकरार करू नका. करार, वीजबिल, जन्मदाखला आणि लसीकरणाची नोंद लागते. पालकांचा व्हिसा कुठला आहे यावरून सरकारी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरित मुलांनाही शाळा नाकारता येत नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच दिला आहे. भारतातून येताना मागच्या दोन-तीन वर्षांच्या गुणपत्रिका शाळेच्या शिक्क्यासह आणा. हायस्कूलच्या डिप्लोमासाठी किमान १२० क्रेडिट (विषय पुरे केल्यावर मिळणारे गुणांक) लागतात आणि तिकडचे विषय त्यात मोजून घ्यायचे, तर कागद हवाच.

आता रेटिंगकडे येऊ. घरांच्या संकेतस्थळांवर दिसणारा १ ते १० चा आकडा विसरा आणि न्यू जर्सीचं शिक्षण खातं दरवर्षी प्रत्येक शाळेचा अहवाल काढतं, तो उघडा. पहिल्या पानांवरच मुलं कोण आहेत हे येतं: वंश, घरी बोलली जाणारी भाषा, आर्थिकदृष्ट्या दुर्बल किती, इंग्रजी शिकणारी किती, विशेष गरजा असलेली किती. हा भाग सोडून लोक थेट परीक्षेच्या निकालावर उडी मारतात. मी उलटं करायला सांगते.

जेपीत निम्म्याहून कितीतरी जास्त मुलं आशियाई वंशाची आहेत. एडिसन हायस्कूलमध्ये आशियाई मुलांबरोबर लॅटिनो, कृष्णवर्णीय आणि गोरी मुलंही बऱ्यापैकी आहेत. आणि हा 'आशियाई' रकाना फार ढोबळ आहे. त्यात आपण, गुजराती, तेलुगू, चिनी, कोरियन, फिलिपिनो सगळे एकत्र. त्यातले बरेच पालक उच्चशिक्षितांसाठीच्या व्हिसावर आलेले, म्हणजे निवड आधीच झालेली. अशा घरातल्या मुलांचे सरासरी गुण जास्त आले, तर त्यातलं शाळेचं किती आणि घरातल्या दोन पदव्युत्तर पालकांचं किती? स्टॅनफर्डचे शॉन रिअर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातल्या तिसरी ते आठवीच्या मुलांचे गुण तपासले. सरासरी गुण घरच्या आर्थिक स्थितीशी घट्ट बांधलेले निघाले. मुलं वर्षभरात किती पुढे सरकतात, याचा त्या स्थितीशी संबंध मात्र बराच सैल होता. रेटिंग बऱ्याच अंशी वस्तीची ऐपत मोजतं, असं मी म्हणते ते यामुळे.

मग अहवालात काय बघायचं? मी सर्वात आधी गैरहजेरी बघते. शाळेच्या दिवसांपैकी १० टक्के किंवा जास्त दिवस न येणाऱ्या मुलांचं प्रमाण तिथे दिलेलं असतं. हे प्रमाण वाढत असेल, तर परीक्षेचे गुण चांगले असूनही काहीतरी बिनसलंय असं समजा. दुसरं, गटवार निकाल. गरीब घरातली आणि इंग्रजी शिकणारी मुलं त्या शाळेत चार वर्षांत डिप्लोमापर्यंत पोहोचतात का? शाळेची मेहनत दिसते ती तिथे. तिसरं, एपीचे, म्हणजे हायस्कूलमध्येच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे, विषय नुसते किती आहेत ते नको, त्यात कुठल्या गटांतली मुलं बसतात ते बघा.

प्रवेशाच्या वेळी घरच्या भाषेचा फॉर्म येतो. त्यात 'मराठी' असंच लिहा. मूल वेगळ्या वर्गात टाकतील या भीतीने कितीतरी जण 'इंग्रजी' लिहितात. इंग्रजी खरंच चांगलं असेल तर ते तपासणीत दिसतं. कच्चं असेल, तर मदत मिळण्याचा मुलाचा हक्क तुम्हीच पुसून टाकता.

मला मनापासून सांगायचंय ते पुढचं. २०१५ मध्ये प्रिन्स्टनजवळच्या वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो जिल्ह्याचे अधीक्षक डेव्हिड अडरहोल्ड यांनी पालकांना १६ पानी पत्र लिहिलं. आदल्या शालेय वर्षात १२० मुलांना मानसिक आरोग्याच्या तपासणीसाठी पाठवावं लागलं होतं, ४० जण रुग्णालयात दाखल झाले होते. जिल्ह्याने हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद केल्या. तिथे बहुसंख्य विद्यार्थी आशियाई, आणि आपल्यातल्याच बऱ्याच पालकांनी विरोध केला: दर्जा खाली येईल म्हणून. तेव्हा मलाही ते पटलं होतं. दोन वर्षांनी माझा मुलगा अकरावीत होता, चार एपी घेतलेले. एका रात्री दीड वाजता तो स्वयंपाकघरात दिवा न लावता बसलेला दिसला. म्हणाला, "आई, माझ्या वर्गात सगळेच हुशार आहेत. मी कुणीच नाही." त्याचा जीपीए, म्हणजे सगळ्या विषयांच्या श्रेणींची सरासरी, ३.८ होता. जिथे सगळीच मुलं एकाच साच्यातली, तिथे चांगलं मूलही स्वतःला मागे पडलेलं समजतं. दुसऱ्या दिवशी आम्ही काउन्सेलरकडे (विषय निवडायला मदत करणाऱ्या शाळेतल्या मार्गदर्शकाकडे) जाऊन एक एपी सोडला. त्याचं काही बिघडलं नाही.

म्हणून घर ठरवण्याआधी मुलाला घेऊन दोन्ही शाळा बघा. ऑगस्टमध्येच काउन्सेलरची वेळ मागा. एकेका काउन्सेलरकडे शेकडो मुलं असतात, सप्टेंबरनंतर वेळ मिळणं अवघड. गणितात मूल पुढे असेल तर पातळी ठरवणारी चाचणी कधी असते ते तेव्हाच विचारा. अकरावीतली ऑक्टोबरची पीएसएटी (कॉलेज प्रवेशाच्या एसएटी परीक्षेची पूर्वपरीक्षा) चुकवू नका, राष्ट्रीय मेरिट शिष्यवृत्तीसाठी तीच धरतात.

आणि नववीतल्या मुलांना आठवड्याच्या मराठी शाळेतून काढू नका. न्यू जर्सीत दोन भाषा येणाऱ्यांना डिप्लोमाबरोबर द्विभाषिकतेचा राज्याचा शिक्का मिळतो, आणि मराठीवर तो मिळवलेली मुलं आहेत. काउन्सेलरला पहिल्याच भेटीत त्याबद्दल विचारा.