व्हायोलिन घेऊन मैफलीला निघताना

आमंत्रण आलं की आधी प्रवास ठरवा, राग नंतर. मी परभणीचा. मे महिन्यात एसटीनं अंबाजोगाईला गेलो, व्हायोलिनची पेटी वरच्या रॅकवर, टप नुसता तापलेला. स्टेजमागं उघडली तर खुंट्या सैल, चारही तारा उतरलेल्या. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, खुंटी धरत नाही. तेव्हापासून पेटी मांडीवर आणि खिशात खडूचा तुकडा. खुंटी काढून खडू हलका घासायचा, आत दाबत पिळायची, बसते. तासभर आधी पोचा, वाद्याला हॉलची हवा लागू द्या, मगच चारही तारा सा-प-सा-प अशा सुरात लावा. वाजवून झालं की गजाचे, म्हणजे वाजवायच्या काठीचे, केस सैल करा. हे रोजचंच.

तबलजीशी पट्टी, म्हणजे सा कुठल्या सुरावर धरायचा ते, फोनवरच बोलून घ्या, ऐनवेळी डग्गा-तबला बदलत बसणं नको. संध्याकाळ असेल तर यमन राग बरा. व्हायोलिनवादक एन. राजम यांचं गायकी अंग (गाण्यासारखं वाजवणं) ऐकत वाढलेल्यांना मींड, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं, लांबवायचा मोह होतो (मलाही होतो), पण चाळीस मिनिटं म्हणजे चाळीसच.

मानधन आधी विचारा, लाजू नका. एके ठिकाणी शाल-नारळावर बोळवण झाली, भाडंही माझंच गेलं. आकाशवाणीची ऑडिशन मात्र द्याच, कलाकार म्हणून ग्रेड मिळाली की बोलणी सोपी होतात.