बाकड्याचे पाय आधी बघा

अंगणातलं सागवानी बाकडं कुजायला लागतं ते बहुतेक वेळा पायांच्या तळापासून. पाट्यांवर पडलेलं पाणी निथळून जातं. पण पायाच्या कापलेल्या टोकाला लाकडाच्या नळ्या उघड्या असतात, त्या खालचं पाणी वातीसारख्या वर ओढतात. म्हणून मे महिन्यात, उन्हं कडक असतानाच, बाकडं उलटं करा. तळ नखाने दाबून बघा. नख रुतलं तर तेवढा भाग सुताराकडून कापून घ्यावा, वरून रंग फासून काही होत नाही.

बाकीचं काम सोपं आहे. साबणाच्या पाण्याने घासून दोन-तीन दिवस खडखडीत वाळवा. मग 120 नंबरचा आणि त्यावर 220 चा पॉलिश पेपर, रेषांच्या दिशेनेच. आडवा मारलात तर ओरखडे तेल लावल्यावर उठून दिसतात. मग डबल बॉइल्ड अळशीचं तेल (लवकर वाळणारं, याच नावाने तयार मिळतं) फडक्याने पातळ लावा, पंधरा-वीस मिनिटांनी वरचं पुसून टाका. न पुसलेलं तेल आठवडाभर चिकटत राहतं, पांढऱ्या लेंग्यांना विचारा! तळाला मात्र तेल पिईल तेवढं पाजायचं.

तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. पाण्यात भिजवा, नाहीतर दोरीवर मोकळं पसरून वाळवा.

पावसात बाकडं पडवीत घ्या. जागा नसेल तर पायांखाली फरशीचे तुकडे सरकवा. प्लास्टिक गुंडाळू नका, आत बुरशी धरते.