सं. 1956 म्हणजे 1956 नव्हे

निवृत्त झाल्यावर अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावाचा इतिहास लिहायचं मनावर घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात एसटी पकडून धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात, म्हणजे जुन्या कागदांच्या संग्रहात, गेले. चूक माझीच. परगणा कोणता, साल कोणतं, घराणं कोणतं, यातलं एकही सांगता आलं नाही, मग दाखवणारा तरी काय दाखवणार? तेव्हा सुरुवात घरापासून करा.

आमच्या धाब्याच्या घरात माळ्यावर पत्र्याची ट्रंक होती. चुलते म्हणाले, "मोडीना कागद शेतस, कोनले वाचता येस?" त्यात एका सावकाराची लांबट वहीही निघाली. वर "सं. 1956". मी बिनदिक्कत तिची नोंद स्वातंत्र्यानंतरच्या कप्प्यात केली. तीन महिन्यांनी लक्षात आलं की व्यापाऱ्याची वही दिवाळीला उघडते आणि ती विक्रम संवतात चालते. दिवाळीपासून डिसेंबरपर्यंत 57 वजा करा, जानेवारीपासून 56. म्हणजे माझी वही 1899-1900 ची, थेट मोठ्या दुष्काळाची!

तेव्हापासून कागद हाती आला की मजकुराआधी तारीख सोडवते. शक असेल तर 78 मिळवायचे. शक चैत्रात बदलतो, म्हणून पौष-माघाच्या मितीला बहुधा 79. पेशवाईतल्या कागदांवर साल अरबी शब्दांत असतं: "सबा सबैन मया व अलफ". सबा 7, सबैन 70, मया 100, अलफ 1000, एकूण 1177. हे साल मृगाला सुरू होतं, म्हणून डिसेंबरपर्यंत 599 आणि पुढं 600 मिळवायचे. आलं 1776-77. शेजारी "छ" दिसला तर तो चंद्र, म्हणजे चांद्र तारीख, आणि पुढचा महिना मुसलमानी: रजब, साबान वगैरे. मोडी लिपीत दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, त्यामुळे आधी मौजे, कसबे, परगणे हे ओळखीचे शब्द शोधा. त्यांच्या आगेमागे गावाचं नाव सापडतंच. मोडीच्या वर्गाला जा, पण रोज एक पान स्वतः उतरवल्याशिवाय हात बसत नाही.

तहसीलच्या रेकॉर्डात जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी, आणि गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, मागा. जन्म-मृत्यूच्या नोंदीत जात, बापाचं नाव, कधी मृत्यूचं कारण सापडतं. मात्र माहिती तोंडी दिलेली असते आणि लिहिणारा दुसराच असतो. एकाच म्हाताऱ्याचं वय दोन नोंदींत नऊ वर्षांनी वेगळं निघालं. फेरफार बघताना "वारस" शब्दाशी थांबा. मुलींची नावं कुठं गळाली, ते तिथं दिसतं. एका कचेरीत "जुनं सगळं वाळवीनं खाल्लं" असं ऐकून परत आले. लेखी अर्ज दिल्यावर तीच बासनं निघाली.

1880 चं खानदेशचं गॅझेटिअर स्कॅन होऊन मोफत मिळतं, वाचाच. पण त्यातली मराठेशाहीची हकिगत ऐकीव-वाचीव आहे. त्या काळचा साहेब खानदेशाकडं कसं बघत होता, याचा मात्र तो अस्सल पुरावा.

मग धुळे. इतिहासकार वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 ला तिथंच वारले आणि पुढच्याच महिन्यात मंडळ उभं राहिलं. आता मी परगणा आणि सालं लिहून नेते. रामदासी पोथ्या हव्या असतील तर त्याच शहरात समर्थ वाग्देवता मंदिर आहे. पेशवे दफ्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, पुण्याला.

कुठंही पेन नको, पेन्सिल न्या. बोटाला थुंकी लावून पान उलटू नका. फोटो काढाल तर कागदाच्या पाठीचाही काढा. पोहोचल्याची तारीख नि शेरा पुष्कळदा पाठीवरच असतो. आणि फोटोला रुमालाचा क्रमांक त्याच क्षणी द्या. माझ्या मोबाइलमध्ये दोनशे फोटो अजून बेवारस पडलेत.

सावकाराच्या त्या वहीत डावीकडं जमा, उजवीकडं नावे, म्हणजे उधारी. आजी सांगायची, दुष्काळात पणजोबांनी गावाला धान्य वाटलं. उजव्या बाजूला पणजोबांच्या नावावर चार मण ज्वारी उधार आहे, चांदीचे कडे गहाण ठेवून. वाटलेलं धान्य हेच की काय, कोण जाणे. आजीचं म्हणणं आणि वहीतली ओळ, दोन्ही समोरासमोरच्या पानांवर उतरवलंय. चुलत्यांना अजून दाखवलं नाही.